एका ओळीचं पत्रक

जेवायला साडेबाराला बसायचं ठरलं होतं, पण फिर्मां पावणेबारालाच हजर झाला. चर्चला घातलेला काळा कोट अंगावर तसाच, आणि काखेत एक निळी फाईल. बहिणीच्या, म्हणजे ओदेतच्या, गालाला गाल लावून तो थेट स्वयंपाकघरात शिरला, भट्टीत भाजत असलेल्या मेंढीच्या मांडीचा वास घेतला आणि म्हणाला, "लसूण जरा कमी वाटतोय. पण चालेल. आज सगळंच चालेल."

"आधी हात धू," ओदेत म्हणाली. "आणि ती फाईल टेबलावर नको. कालच इस्त्री केलेला टेबलक्लॉथ आहे."

राष्ट्राध्यक्षांनी संसद मुदतीच्या वर्षभर आधीच बरखास्त केली त्याला सहा दिवस झाले होते. मतदान चार आठवड्यांवर आलं होतं. त्या सहा दिवसांत ला व्हेर्नाद या डोंगरातल्या फ्रेंच गावाच्या बाजारात, चीजच्या कारखान्यात, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय होता: गास्तों वेसाद आता उभा राहणार नाही. एकोणतीस वर्षं खासदारकी, सात निवडणुका, एकही हार नाही. आता गुडघे गेले, आणि जागा मुलीकडे. आज चार वाजता नगरपालिकेच्या सभागृहात तो क्लोतिल्दला हात धरून व्यासपीठावर नेणार होता. फिर्मां गावचा नगराध्यक्ष, मेव्हण्याच्या, म्हणजे ओदेतच्या नवऱ्याच्या, सातही निवडणुका त्यानेच चालवलेल्या. खुर्च्या किती मांडायच्या, मागच्या दाराने वाइन कधी आणायची, टाळ्या कोणी सुरू करायच्या, सगळं त्याच्या बोटांवर होतं.

सोलांज आली ती नेहमीसारखी बागेच्या दाराने. गास्तोंची धाकटी बहीण, एकसष्ट वर्षांची, पोस्टातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. दर रविवारी ती भावाच्या टेबलाला डाव्या हाताच्या दुसऱ्या खुर्चीवर बसे, वाढलेलं संपवी, भांडी पुसू लागे आणि तीनच्या सुमाराला घरी जाई. कमी बोलण्याबद्दल तिचं गावात कौतुक होतं.

"आत्या, जवळ येऊ नकोस," क्लोतिल्द दारातूनच ओरडली. ती गुरांची डॉक्टर होती आणि सकाळपासून कोस्तांच्या गोठ्यात अडकली होती. "कोकरू आडवं आलं होतं. अंघोळ केल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही."

"जगलं का?" गास्तोंने आरामखुर्चीतून विचारलं.

"दोघंही. आई आणि पिल्लू."

"हे सभेत सांग," फिर्मां म्हणाला. "हेच सांग. 'आज सकाळीच मी एक कोकरू जगात आणलं.' अर्धी मतं इथेच."

सगळे हसले. सोलांजही हसली.

*

फाईल उघडली ती मांडी कापून झाल्यावर, पांढऱ्या घेवड्याचं दुसरं वाढप झाल्यावर. तोवर फिर्मां तग धरून होता हेच नवल.

"पुझोल बाईंचं कसं चाललंय, कुणाला ठाऊक आहे?" त्याने तोंड पुसत विचारलं.

डॉक्टर नादेज पुझोल ही समाजवाद्यांची उमेदवार. खालच्या खोऱ्यात दवाखाना चालवायची. बर्फात वाट बंद झाली की पायी रोग्याकडे जायची. लोक तिला मानत, आणि वेसादांच्या घरात त्याचीच धास्ती होती.

"चांगलं चाललंय," क्लोतिल्द म्हणाली. "काल कोस्तची बायको मला तोंडावर म्हणाली, 'तुम्ही माझ्या मेंढ्या वाचवता, पण तिने माझा नवरा वाचवला. आता मी काय करू सांगा?'"

"मग हे बघ." फिर्मांने दोन कागद तिच्या ताटाशेजारी सरकवले. "सहा वर्षांपूर्वी तुझी पुझोल चार महिने कुठे होती? दवाखान्याला कुलूप लावून? लोकांना सांगितलं, अभ्यासक्रमाला गेले. कुठला अभ्यासक्रम! वेड्यांच्या दवाखान्यात होती. पोटचं मूल गेलं, मग तिने गोळ्या खाल्ल्या. सही, शिक्का, तारीख, सगळं आहे."

"हे तुला कुठे मिळालं?" ओदेतने विचारलं.

"देवाने दिलं." तो हसला. "छापायचं काही नाही. मंगळवारच्या गुरांच्या बाजारात दोन कानांत सोडायचं, बस. 'डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत हो, पण पुन्हा तसं झालं तर? आपलं इंजेक्शन कुठल्या हाताने देतील?' पुढचं काम लोक करतात."

क्लोतिल्दने कागद उचलले. वाचायचे नाहीत असं तिने एक क्षण ठरवलं, आणि वाचले. दुसऱ्या कागदाशी येईपर्यंत तिला स्वतःच्याच छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. म्हणजे ही बाई पडू शकते.

"खरं आहे हे?" तिने विचारलं.

समोर बसलेल्या सोलांजने भाचीचा तो चेहरा पाहिला. ओठ जरासे उघडे, डोळ्यांत सुटका. तिने तो भाव आधी एकदा पाहिला होता, याच खोलीत, एका पुरुषाच्या चेहऱ्यावर. तिने हातातला काटा ताटात ठेवला.

"या वेळी एका ओळीत बसेल का रे, फिर्मां?" ती म्हणाली. "की दोन लागतील?"

 गास्तोंने मान खाली घातली.

"चीज आणते," ओदेत उठली.

"बस, ओदेत," सोलांज म्हणाली. तिने ओदेतला असं कधी सांगितलं नव्हतं. ओदेत बसली.

"एका ओळीत काय?" क्लोतिल्दने एकेकाकडे पाहिलं. "बाबा? आत्या काय म्हणतेय?"

"जुनं काहीतरी," फिर्मां म्हणाला. "अडुसष्टचं. तुझ्या आत्याला जुन्या गोष्टी उगाळायची हौस आहे."

"मी एकोणतीस वर्षांत एकदाही उगाळल्या नाहीत, फिर्मां. आजच पहिल्यांदा बोलतेय. गास्तों, तू सांगतोस की मी?"

*

गास्तों वेसाद संसदेत एक्केचाळीस वेळा बोलला होता. मेंढीच्या दुधाच्या भावावर, डोंगरातल्या रस्त्यावर, कुटुंबाच्या पावित्र्यावर, सभ्यतेवर.  आता त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"इथे शाळेत एक मास्तर होते," तो म्हणाला. "एली इसांशू. बाहेरचे. लिमोझकडचे. आईला घेऊन राहायचे. पहिल्या निवडणुकीत ते माझ्यासमोर उभे होते, डाव्यांकडून."

"तुम्ही कधी नाव घेतलं नाहीत त्यांचं."

"नाही." तो थांबला. "आणि तुझ्या आत्याचं त्यांच्याशी लग्न ठरत होतं."

क्लोतिल्द आत्याकडे वळली. सोलांज सरळ बसून होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

"आमचे वडील गेले होते," गास्तों म्हणाला. "घरात मोठा मी. म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणाली, 'समोरासमोर उभे असलात तरी तू मला हो म्हण. आणि लग्नाआधी त्यांच्या घरचं काही लपवून ठेवायचं नाही मला.' मग तिने सांगितलं. त्यांची आई परटीण होती. युद्धात जर्मन छावणीचे कपडे धुवायची. चव्वेचाळीसला गाव जर्मनांच्या हातून सुटलं तेव्हा लोकांनी फितूर म्हणून तिला चौकात स्टुलावर बसवून तिचं डोकं भादरलं. मुलगा चौदा वर्षांचा. त्याला समोर उभं करून बघायला लावलं. मास्तरांनी हे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं."

"मला," सोलांज म्हणाली.

"आणि तुम्ही?" क्लोतिल्दने वडिलांना विचारलं.

"मी हो म्हणालो. लग्नाला. तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं." त्याचा आवाज खाली गेला. "आणि दुसऱ्या दिवशी फिर्मांला सांगितलं. असंच. बोलता बोलता. मी स्वतःलाही असंच सांगितलं की, बोलता बोलता निघालं."

"आपण हरत होतो!" फिर्मांने टेबलावर बोट आपटलं. "हे सांग की तिला. पॅरिसमध्ये पोरं रस्ते उखडत होती, त्या धास्तीने सगळा देश आपल्याकडे झुकला होता, आणि इथे, आपल्या घरात, त्या मास्तराला लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. कारण काय, तर म्हणे पोरांना शुद्धलेखन चांगलं शिकवतो! मी एक ओळ लिहिली. एक. 'मास्तरांच्या आईच्या डोक्यावर चव्वेचाळीस साली केस का नव्हते, हे त्यांना विचारा.' त्यात एक अक्षर खोटं होतं का?"

"नव्हतं," सोलांज म्हणाली. "म्हणूनच तर."

"सहाशे प्रती होत्या," ओदेत अचानक म्हणाली. ती कुणाकडेच पाहत नव्हती. "घड्या मी घातल्या. याच टेबलावर. तू शेजारी पाळण्यात झोपली होतीस, क्लोतिल्द. गास्तों आत आला, पाहिलं, आणि म्हणाला, 'कडा नीट जुळव, घाणेरडं दिसतं.'"

गास्तोंने डोळे मिटले. हे वाक्य तो विसरला होता. विसरलो असं त्याला वाटत होतं.

"शुक्रवारी पत्रकं वाटली," सोलांज म्हणाली. "शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकाला कुणीतरी लोकर कातरायची कात्री टांगली. म्हातारी दूध आणायला निघाली होती. तिने ती पाहिली आणि किटली तिथेच टाकून आत गेली. पुन्हा कधी बाहेर आली नाही. रविवारी हा दोनशे बारा मतांनी निवडून आला. जुलैत ते दोघं बसने निघून गेले."

"आणि तू?" क्लोतिल्दचा आवाज फाटला. "तुला माहीत होतं कुणी केलं ते. तू दर रविवारी इथे येऊन जेवतेस! मी लहान असल्यापासून तू इथे..."

"हो," सोलांज म्हणाली. "जेवते."

*

साडेतीन वाजत आले तरी ताटं तशीच होती. फिर्मांने घड्याळ पाहिलं, मग भाचीशेजारी खुर्ची ओढली आणि आवाज मऊ केला.

"हे बघ, पोरी. सगळ्या घरात असतं असं काहीतरी. तुझ्या बाबांनी त्यानंतर या भागासाठी काय नाही केलं? पूल आणला. हायस्कूल आणलं."

"त्या हायस्कूलच्या उद्घाटनाला ते गेले नव्हते," क्लोतिल्द म्हणाली. "तुम्ही गेला होतात. माझ्या शाळेत बक्षीस समारंभालाही कधी आले नाहीत. मला वाटायचं, कामात असतात." ती वडिलांकडे वळली. "ते मंत्रिपद? शिक्षण खात्याचं? तुम्ही नको म्हणालात, आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, किती साधा माणूस."

"शाळेच्या फाटकातून आत जाववत नाही मला," गास्तों म्हणाला.

त्याला आणखी एक सांगायचं होतं. एकदा एका वर्तमानपत्राने एका विरोधी खासदाराच्या बायकोचं आजारपण चव्हाट्यावर आणलं होतं, तेव्हा गास्तों सभागृहात उभा राहून म्हणाला होता, 'राजकारण माणसाच्या उंबरठ्याशी थांबलं पाहिजे.' दोन्ही बाजूंचे खासदार उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो बाहेर जाऊन ओकला होता. पण हे सांगितलं तर कीव मागितल्यासारखं होईल, म्हणून तो गप्प राहिला.

क्लोतिल्दने ते दोन कागद उभे फाडले, मग आडवे.

"प्रती आहेत माझ्याकडे," फिर्मां सहज म्हणाला.

"असू देत. ऐका, बाबा. चार वाजता तुम्ही तिथे बोलणार आहात. जे इथे सांगितलंत ते तिथे सांगा. सगळं. मग मी उभी राहीन. नाहीतर नाही."

"वेड लागलंय!" फिर्मां ओरडला. "चारशे माणूस आहे! तुझ्या बापाचं नाव मातीत जाईल. लोक थुंकतील त्याच्यावर!"

"थुंकू देत," गास्तों म्हणाला, आणि टेबलाला हात टेकून उठला. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीखाली, इतक्या वर्षांनी, थोडं हलकंही वाटत होतं. थुंकतील. बरं होईल.

*

सभागृहात चारशेहून जास्तच माणसं होती. पुढच्या रांगेत चीज कारखान्याचे लोक, मग शेतकरी संघ, मग चर्चच्या बायका. फिर्मां हसतमुखाने हात मिळवत फिरत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सोलांज मागे भिंतीला टेकून उभी राहिली. एकोणतीस वर्षांत ती भावाच्या एकाही सभेला आली नव्हती.

गास्तोंने खिशातलं लिहिलेलं भाषण काढलं आणि न उलगडता परत ठेवलं.

"मित्रांनो," तो म्हणाला, "तुम्ही मला सात वेळा निवडून दिलंत. पहिल्या वेळी मी त्या लायक नव्हतो. तुमच्यातल्या वयस्कर लोकांना मास्तर इसांशू आठवत असतील."

 खुर्च्या कुरकुरल्या.

त्याने सगळं सांगितलं. बहिणीचं नाव घेतलं नाही, 'विश्वासाने सांगितलेली गोष्ट' एवढंच म्हणाला. पण ओळ शब्दशः म्हणून दाखवली. सहाशे प्रती माझ्या घरात दुमडल्या गेल्या, म्हणाला. मला माहीत होतं, मी थांबवू शकत होतो, म्हणाला. "एका म्हाताऱ्या बाईला मी दुसऱ्यांदा त्या स्टुलावर बसवलं. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते." मग तो थांबला, आणि दोन्ही हात बाजूला सोडून वाट पाहू लागला.

पहिला आवाज आला तो तिसऱ्या रांगेतून. बाप्तिस्त काझाल, ऐंशीच्या घरातला मेंढपाळ, काठीवर हनुवटी टेकून बसलेला.

"अहो खासदार," तो म्हणाला, "एवढंच होय? आम्हाला वाटलं तुम्हाला कॅन्सर-बिन्सर झालाय!"

हशा पिकला. आधी दबका, मग मोकळा.

"आम्हाला काय ठाऊक नव्हतं?" काझालला चेव आला. "अख्ख्या गावाला ठाऊक होतं पत्रक कुठून आलं ते! फिर्मांचा टाइपरायटर, 'र' अर्धाच उमटायचा! आणि ती कात्री माझी होती. माझी! मास्तर जाताना घेऊन गेला वाटतं, परत मिळालीच नाही. त्या वर्षी कातरणी चार दिवस लांबली माझी!"

आता लोक मांड्या थोपटून हसत होते. चर्चच्या बायका रुमालाआड हसत होत्या. कुणीतरी ओरडलं, "तेव्हाच कळलं होतं, हा माणूस पॅरिसमध्ये आपलं काम करून आणणार!" मागून दुसरं कुणी, "इतक्या वर्षांनी कबूल करायला छाती लागते, खासदार!" आणि मग टाळ्या सुरू झाल्या. फिर्मांने ठरवलेल्या माणसांनी नव्हे, आपणहून. एक रांग उभी राहिली, मग दुसरी.

गास्तों माइकसमोर उभा होता. थुंकी झेलायची तयारी करून आलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडावा तसं झालं होतं, आणि तो काढता येत नव्हता. त्याने पहिल्यांदाच या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. म्हणजे दर पाच वर्षांनी हे मला मत देत होते ते माहीत असूनही नव्हे. माहीत असल्यामुळेच.

क्लोतिल्द व्यासपीठाच्या पायरीवर होती. तिला सकाळी हातात आलेलं कोकरू आठवलं, ओलं, गरम, आणि 'हे सभेत सांग' म्हणणारा मामा. दुपारी कागद वाचताना छातीत सैल झालेलं ते काहीतरीही आठवलं. ती वर आली, वडिलांच्या हातातून माइक घेतला.

"मी म्हटलं होतं, बाबांनी सांगितलं तर मी उभी राहीन," ती म्हणाली. "चूक झाली माझी. मी उभी राहणार नाही. आज दुपारी मलाही एक कागद मिळाला होता. मी तो वाचला, आणि मला बरं वाटलं. तुमच्यासारखंच."

या वेळी कुणी हसलं नाही. पण फार वेळ शांतताही राहिली नाही. फिर्मां दोन पायऱ्या एकदम चढून वर आला, भाचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइककडे झुकला. "पोर थकलीय. पहाटेपासून गोठ्यात होती. दोन जीव वाचवलेत तिने आज!" टाळ्या. "पण ही जागा मोकळी राहणार नाही, मित्रांनो. गरज पडली तर हा म्हातारा फिर्मां अजून आहे!" टाळ्या आणखी मोठ्या झाल्या.

ओदेत पहिल्या रांगेत बसली होती. सगळे उठले तशी तीही उठली. तिचे हात सवयीने जवळ आले, एकमेकांवर आपटले, आणि मग तिने ते पाठीमागे नेले.

*

सभागृहामागे वाइनच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. गास्तों त्यातल्या एकीवर बसला. खिडक्या उघड्या होत्या आणि आतून फिर्मांचा आवाज येत होता, मधूनमधून त्याचं नाव घेतलेलं. थोड्या वेळाने सोलांज आली आणि उभी राहिली.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

"ऐकलं."

"मला वाटलं होतं लोक..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "सोलांज, मास्तर कुठे असतात? मी जाईन. उद्याच जातो. त्यांच्या दारात जाऊन सांगतो. निदान त्यांनी तरी मला..."

"सात वर्षं झाली ते वारले त्याला. उत्तरेला, लीलजवळ. पेपरात वाचलं मी."

 आत कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं आणि ते फार वरच्या पट्टीत लागलं.

"तू माझ्याशी भांडली का नाहीस?" त्याने विचारलं. "एकदा तरी. मी वाट पाहत होतो. दर रविवारी तू आत आलीस की मला वाटायचं, आज बोलेल."

"कोणत्या तोंडाने बोलणार होते?" सोलांज म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी ते पोस्टात आले होते. नवा पत्ता द्यायला. खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी फॉर्म भरला, मला दिला, आणि एकच विचारलं. 'तू हे कुणाला सांगितलं होतंस का?'"

गास्तोंने मान वर केली.

"मी म्हटलं, 'नाही.' सरळ डोळ्यांत बघून. हो म्हटलं असतं तर तुझं नाव सांगावं लागलं असतं. आणि मला वाटलं, भाऊ तर आता खासदार झालाय, घराण्याचं नाव आहे..." ती थांबली. "त्यांनी विश्वास ठेवला, गास्तों. म्हणाले, 'मग दुसरीकडून कुठून तरी कळलं असणार. मी तुझ्यावर संशय घेतला, मला माफ कर.' त्यांनी माझी माफी मागितली. खिडकीतून हात आत घालून माझा हात धरला, आणि माफी मागितली. आणि मी ती दिली."

 गास्तोंने हात तिच्याकडे पुढे केला.

"म्हणजे आपण दोघंही सारखेच," तो म्हणाला. आवाजात जवळजवळ आर्जव होतं.

सोलांजने त्या हाताकडे पाहिलं, पण तो घेतला नाही. कोटाची बटणं लावली.

"नाही," ती म्हणाली. "तू निवडून आलास."

आणि ती पोस्टाच्या उताराने घराकडे चालू लागली.